ज्यांना घरीं राहतां आलें नाहीं

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राजे, लढाया आणि तह उभे राहतात. रोगांच्या साथींचा इतिहास लिहिला गेलाच तर त्यांत मेलेल्यांचे आंकडे येतात, सरकारचे हुकूम येतात, फार झालें तर एकाद्या कर्तबगार डॉक्टराचें नांव येतें. परंतु साथीच्या दिवसांत जिवंत राहिलेल्या माणसाच्या मनांत काय चाललें होतें, याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाहीं. आज मी अशाच एका राहून गेलेल्या प्रकरणाविषयीं बोलणार आहें. तें आपल्या नागपूर शहरांतील आहे, आणि फार जुनेंहि नाहीं. २०२० व २०२१ या दोन सालीं करोनाची महासाथ आली, तेव्हां ज्यांचीं मूत्रपिंडें आधींच निकामी झालीं होतीं आणि जे डायालिसिसच्या यंत्रावर जगत होते, त्यांच्या मनाची काय अवस्था झाली, तें हें प्रकरण.

त्या दिवसांत साऱ्या जगानें एकच मंत्र जपला: घरीं राहा, बाहेर पडूं नका, माणसांत मिसळूं नका. तो मंत्र योग्यच होता, व ज्यांनीं तो पाळला त्यांनीं स्वतःबरोबर शेजाऱ्यांचेहि प्राण राखले. परंतु डायालिसिसच्या रोग्याला आठवड्यांतून दोनदां किंवा तीनदां घराबाहेर पडावेंच लागतें. तो रुग्णालयांत जातो, इतर रोग्यांच्या शेजारीं चार तास पडून राहतो, आणि परत येतो. गेला तर संसर्गाची भीति. न गेला तर मृत्यु ठरलेला. अशा दुहेरी पेचांत सांपडलेल्या मनाचें काय होतें, हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

विषय नीट समजावा म्हणून प्रथम या उपचाराविषयीं थोडें सांगतों. निरोगी शरीरांतील दोन मूत्रपिंडें अहोरात्र रक्त गाळीत असतात. दिवसाकांठीं सुमारें १८० लिटर द्रव त्यांतून गाळला जातो. त्यांतील बहुतेक सगळा पुन्हा रक्तांत परत घेतला जाऊन दीड-दोन लिटर तेवढा लघवीच्या रूपानें बाहेर पडतो. हें काम बंद पडलें म्हणजे टाकाऊ विषारी द्रव्यें, जास्तीचें पाणी आणि पोटॅशियम हीं शरीरांत सांचूं लागतात. पायांवर सूज येते, दम लागतो, अन्नावरची वासना उडते. पोटॅशियम फार वाढलें तर हृदय एकाएकीं थांबूं शकतें. डायालिसिसमध्यें रोग्याच्या हातांत दोन जाड सुया टोंचून एकीनें रक्त यंत्रांत नेतात. तेथें सूक्ष्म छिद्रें असलेल्या पडद्याच्या एका बाजूनें रक्त व दुसऱ्या बाजूनें शुद्ध केलेलें क्षारमिश्रित पाणी वाहतें, आणि निवळलेलें रक्त दुसऱ्या सुईनें परत शरीरांत येतें. एका बैठकीला सुमारें चार तास लागतात व शंभर लिटरांहून अधिक पाणी खर्ची पडतें. एक-दोन दिवस गेले कीं पुन्हा तेंच. हा उपचार रोग बरा करीत नाहीं. तो पुढच्या पाळीपर्यंतचा काळ मिळवून देतो. म्हणून या रोग्याच्या घरीं कालगणना महिन्यावारीं चालत नाहीं, ती पाळ्यांवर चालते.

या यंत्राचा इतिहासहि माणसाच्या मनाशीं फार जवळून जोडलेला आहे. १८६१ सालीं टॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानें पडद्यांतून द्रव्यें वेगळीं करण्याच्या क्रियेला डायालिसिस हें नांव दिलें. १९१३ सालीं अमेरिकेंत जॉन एबल यानें प्राण्यांवर आणि १९२४ सालीं जर्मनींत गेऑर्ग हास यानें माणसावर तिचा प्रयोग केला. परंतु प्रत्यक्ष जीव वांचविणारें यंत्र बनविलें तें विलेम कोल्फ या डच डॉक्टरानें, आणि तेंहि दुसऱ्या महायुद्धांत, जर्मनांच्या ताब्यांतील हॉलंडमध्यें, काम्पेन या लहानशा गांवीं. लांकडी पट्ट्यांचें एक फिरतें पिंप आणि त्याभोंवतीं गुंडाळलेली सेलोफेनची नळी, एवढी त्याची सामग्री. १९४३ पासून दोन वर्षें रोग्यामागून रोगी दगावत गेले. १९४५ सालीं मात्र ६७ वर्षांची एक स्त्री बेशुद्धींतून जागी झाली व पुढें कांहीं वर्षें जगली. युद्धांत शत्रूशीं हातमिळवणी केल्याबद्दल ती त्या वेळीं कैदेंत होती. कोल्फनें तिचा रोग पाहिला, तिची योग्यता पाहिली नाहीं.

त्यानंतर पंधरा वर्षांनीं चित्र बदललें. १९६० सालीं सिॲटल येथें बेल्डिंग स्क्रिब्नर या डॉक्टरानें रोग्याच्या हातांत कायमची राहील अशी नळी बसविली, आणि तोंपर्यंत थोड्या दिवसांपुरता असलेला हा उपचार वर्षानुवर्षें चालूं ठेवणें शक्य झालें. त्याचा पहिला रोगी अकरा वर्षें जगला. पण यंत्रें मोजकीं आणि रोगी पुष्कळ, तेव्हां कोणाला यंत्र द्यावें हें ठरविण्यासाठीं तेथें सात जणांची एक समिति नेमली गेली. तींत वकील होता, धर्मोपदेशक होता, बँकेंतला अधिकारी होता, एक गृहिणी होती. अर्जदाराचें वय काय, मुलेंबाळें किती, समाजाला त्याचा उपयोग काय, असें पाहून ही समिति निवाडा करी. १९६२ सालीं एका अमेरिकन साप्ताहिकानें ही हकीकत छापली तेव्हां मोठी खळबळ उडाली. पुढें १९७२ सालीं अमेरिकन सरकारनें कायदा करून हा खर्च आपल्या शिरावर घेतला व त्या समितीचें प्रयोजन संपलें.

यंत्राचा प्रश्न असा सुटला, मनाचा सुटला नाहीं. हॅरी एब्राम या अमेरिकन मानसोपचारज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९७१ सालीं दाखवून दिलें कीं, यंत्रावर जगणाऱ्या रोग्यांत आत्मघाताचें प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षां पुष्कळच जास्त आहे. २०१३ सालीं जगभरच्या अनेक पाहण्यांचा एकत्र विचार झाला, तेव्हां असें दिसलें कीं, डॉक्टरानें समक्ष बसून विचारपूस केली असतां यंत्रावरील दर चार-पांच रोग्यांमध्यें एकजण नैराश्याच्या विकारानें ग्रासलेला आढळतो. आणि हें नैराश्य ओळखूं येणेंहि कठीण. झोंप लागत नाहीं, जेवण जात नाहीं, अंगांत त्राण नाहीं, कशांत मन रमत नाहीं, हीं जशीं नैराश्याचीं लक्षणें आहेत तशींच तीं रक्तांत विष सांचल्याचींहि आहेत. डॉक्टर रक्ताची तपासणी करतो, यंत्राचा वेळ थोडा वाढवितो, आणि मनाचें दुखणें शरीराच्या खात्यावर लिहिलें जातें. महासाथ येण्यापूर्वींचीच ही स्थिति होती, हें लक्षांत ठेवावें.

आतां आपल्या नागपुराकडे वळूं. १८६१ मध्यें मध्यप्रांताची राजधानी झाल्यापासून हें शहर भोंवतालच्या मुलखाचें रुग्णालयहि होऊन बसलें आहे. मेयो आणि १९४७ सालीं स्थापन झालेलें मेडिकल हीं दोन नांवें विदर्भांतल्या खेड्यापाड्यांत देवळांच्या नांवांइतकीं परिचित आहेत. धंतोली व रामदासपेठ या वस्त्यांत तर पावलापावलावर खासगी रुग्णालयांच्या पाट्या दिसतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ, अमरावती येथूनच नव्हे, तर शिवनी, छिंदवाडा, बालाघाट आणि राजनांदगांवाकडूनहि रोगी येथें येतात. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णाकांठच्या खारपाणपट्ट्यांत मूत्रपिंडाच्या आजाराची तक्रार पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे आणि लोक विहिरीच्या खाऱ्या पाण्याकडे बोट दाखवितात. अलीकडच्या काळांत पिवळ्या व केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबांना महात्मा जोतिराव फुले यांच्या नांवें चाललेल्या राज्याच्या आरोग्ययोजनेंतून हा उपचार मोफत मिळूं लागला; २०१६ मध्यें केंद्र सरकारनेंहि राष्ट्रीय डायालिसिस कार्यक्रम जाहीर केला व जिल्हा रुग्णालयांतून यंत्रें बसलीं. पैशाच्या अभावीं निमूट मरणारा माणूस त्यामुळें जगूं लागला, ही मोठीच गोष्ट झाली. पण या सगळ्या व्यवस्थेचा एक अध्याहृत आधार होता, तो म्हणजे रस्ता चालूं आहे, एस्टी येते आहे, आगगाडी धांवते आहे. तो आधार एका रात्रींत नाहींसा होईल असें कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें.

साथी या शहराला नव्या नव्हत्या. मुंबईंत प्लेगनें हाहाकार उडविला तेव्हां १८९७ सालीं साथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि त्याच सालच्या मार्चांत पुण्यास प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतांना सावित्रीबाई फुले यांना मरण आलें. १९१८ च्या शरद् ऋतूंत इन्फ्लुएन्झा आला, ज्याला महाराष्ट्राच्या कांहीं भागांत मानमोडी म्हणत. मध्यप्रांत व वऱ्हाड हा त्या साथींत सर्वाधिक मृत्यु झालेल्या प्रांतांपैकीं एक होता. शिवाय त्याच वर्षीं पावसानेंहि दगा दिला होता. मनाच्या रोग्यांसाठींहि या शहरानें फार पूर्वींच जागा केली होती. येथील मनोरुग्णालय १८६४ मधील आहे. परंतु साथींचा इतिहास एका कपाटांत राहिला, आणि मनाचा दुसऱ्या. शरीरानें आजारी माणसाचें मन साथीच्या दिवसांत कसें सांभाळावें, हा प्रश्न या दोन कपाटांच्या मधल्या फटींत पडला.

११ मार्च २०२० रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें करोनाला महासाथ म्हणून जाहीर केलें, आणि योगायोग असा कीं त्याच दिवशीं नागपुरांत पहिला रोगी आढळला. १८९७ चा तो जुना कायदा महाराष्ट्र सरकारनें पुन्हा बाहेर काढला. २० मार्चला मुंबई, पुणें, पिंपरी-चिंचवड व नागपूर येथील कामधंदे बंद करण्याचा हुकूम निघाला. २२ ला जनता कर्फ्यू झाला, आणि २५ पासून सारा देश टाळेबंदींत गेला. जिल्ह्यांच्या सरहद्दी मिटल्या, एस्टी थांबली, आगगाडी थांबली. एप्रिलांत सतरंजीपुरा व मोमिनपुरा या दाट वस्त्यांना बांबूचे अडसर लागले. मेयो व मेडिकल हीं करोनाच्या कामाला जुंपलीं गेलीं.

अशा वेळीं वरुडकडचा एकादा संत्र्यांचा बागाईतदार डोळ्यांपुढें आणा. तो कोणी एक विशिष्ट माणूस नव्हे. त्याच्यासारखे पुष्कळ होते. दर सोमवारीं व गुरुवारीं पहांटेच्या एस्टीनें तो नागपुरास येत असे व रात्रीं घरीं परतत असे. आतां एस्टी नाहीं. भाड्याची गाडी करावी तर खर्च दसपट, आणि गाडीवाला रुग्णालयाचें नांव ऐकूनच मागें सरतो. वाटेंत अमरावती जिल्हा संपतो व नागपूर जिल्हा सुरू होतो, तेथें नाक्यावर पोलीस उभे. डॉक्टराची चिठ्ठी दाखवावी, हातावरची फुगलेली शीर दाखवावी, आणि जाऊं द्या म्हणून हात जोडावे. पुढें परवान्यासाठीं ई-पासची पद्धत आली, ती मोबाइलवर. ज्याला मोबाइलवर अर्ज भरतां येत नाहीं त्यानें कोणाकडे जावें? एका पाळीला हें निभावतें. परंतु दुसऱ्याच दिवशीं पुढच्या पाळीची काळजी सुरू होते, आणि ही काळजी महिनोन् महिने चालते. जिल्ह्याबाहेर जाणारी एस्टी पुन्हा सुरू झाली ती २० ऑगस्टला, म्हणजे जवळजवळ पांच महिन्यांनीं.

याहून सूक्ष्म असा आणखी एक छळ होता, व तो आपण सर्वांनीं सदिच्छेनें केला. त्या दिवसांत जो तो प्रतिकारशक्ति वाढविण्याचा उपदेश करीत होता. दिवसभर कोमट पाणी प्या, काढा घ्या, संत्रीं खा, लिंबू घ्या. सरकारी आयुष खात्यानेंहि मार्चअखेर कोमट पाण्याचा व काढ्याचा सल्ला दिला होता. निरोग्याला त्यांत कांहीं धोका नव्हता. परंतु ज्याला दिवसाला मोजून घोटभर पाणी पिण्याची मुभा, त्यानें दिवसभर पाणी कसें प्यावें? ज्याच्या रक्तांतलें पोटॅशियम वाढलें तर जीव जाईल, त्यानें संत्रें कसें खावें? ज्याची स्वतःची संत्र्यांची बाग आहे त्या माणसाला त्या फळाची फोड वर्ज्य! वांचण्याचे जेवढे म्हणून उपाय जग सांगत होतें, ते सारे आपल्याला मना आहेत, ही जाणीव माणसाला आंतून एकटें करते. घरांतलीं माणसें प्रेमानें काढ्याचा पेला पुढें करीत, आणि नको म्हणतांना त्याच्या डोळ्यांत पाणी येई, तें कशामुळें हें कोणाला कळत नसे. शिवाय भीतीनें घसा कोरडा पडतो; तहान लागते; चोरून पाणी प्यालें जातें; मग दम लागतो, आणि हा दम पाण्याचा कीं करोनाचा, या शंकेनें रात्रीची झोंप उडते.

ही केवळ कल्पना नव्हे. देशांतील १९ मोठ्या रुग्णालयांची पाहणी करून मूत्रपिंडतज्ज्ञांच्या एका गटानें २०२० सालींच निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या रुग्णालयांत टाळेबंदीपूर्वीं २,५१७ रोगी नियमानें डायालिसिस घेत होते. त्यांपैकीं ७१० जणांची एक किंवा अधिक पाळी चुकली. ६९ जणांना आणीबाणीच्या अवस्थेंत आणून यंत्रावर घालावें लागलें. १०४ जण यावयाचेच बंद झाले. न येणाऱ्यांत कोणी गाडीअभावीं राहिला असेल, कोणी पैशाअभावीं. आणि कोणी असाहि असेल कीं ज्याच्या मनानेंच हात टेकले. आंकडा या तिघांत भेद करीत नाहीं. तो भेद करण्यासाठीं माणसाजवळ बसावें लागतें, आणि त्या दिवसांत जवळ बसण्यालाच बंदी होती.

रुग्णालयांतहि सारें पालटलें होतें. एप्रिल २०२० च्या सुमारास डायालिसिसविषयींचे नियम ठरले: दारांतच ताप पाहावा, खाटांमध्यें अंतर ठेवावें, संशयित रोग्यास वेगळें ठेवून शक्यतों शेवटच्या पाळींत घ्यावें, सोबतच्या नातेवाइकास आंत घेऊं नये. हे नियम शहाणपणाचेच होते. पण ज्या बायकोनें आठ-आठ वर्षें खाटेशेजारीं स्टुलावर बसून डबा उघडला, ती आतां फाटकाबाहेर उन्हांत उभी. नागपूरचें मे महिन्यांतलें ऊन तें! आंत ओळखीचे तंत्रज्ञ व परिचारिका नखशिखांत पांढऱ्या पोशाखांत, फक्त डोळे दिसणारे. चार तास मुखपट्टी बांधून निजावयाचें. आणि सर्वांत जड गोष्ट म्हणजे शेजारची खाट. एका पाळीचे रोगी हें एक लहानसें कुटुंबच असतें. त्यांच्यांत थट्टा चालते, मुलांचीं लग्नें ठरतात, कोणाचें वजन किती वाढलें याची चौकशी होते. एके दिवशीं शेजारची खाट रिकामी दिसली, तर विचारावें कीं न विचारावें? उत्तर सगळ्यांना ठाऊक असे, म्हणून कोणी विचारीत नसे. युरोपांतील नोंदींप्रमाणें साथीच्या प्रारंभकाळीं करोना झालेल्या डायालिसिसच्या रोग्यांपैकीं सुमारें चारांत एक महिन्याच्या आंत दगावत होता. यंत्रावरच्या माणसाला हा हिशेब छापील स्वरूपांत वाचण्याची गरज नव्हती. तो खाटा मोजीत होता.

त्यांतहि रोग्याला मरणापेक्षां एका गोष्टीची धास्ती अधिक वाटे. आपल्याला संसर्ग झाला, तर आपलें नेहमीचें केंद्र आपल्याला घेईल काय? बाधितांसाठीं यंत्रें ठिकठिकाणीं वेगळीं ठेवलेलीं होतीं, पण तीं थोडीं. म्हणून किंचित् कणकण आली तरी ती लपवावी असा मोह होई. आणि लपविली तर आपल्यामुळें शेजारच्या खाटेवरचा मित्र मरेल ही टोंचणी. सिॲटलच्या त्या समितीपुढें अर्जदार जसा स्वतःची योग्यता सिद्ध करूं पाहत असे, तसा येथें प्रत्येकजण दारांतल्या तापमापकापुढें स्वतःचें निरोगीपण सिद्ध करूं पाहत होता. निवाडा कोणी करीत नव्हतें, तरीहि आरोपी झाल्याची भावना मनांत घर करून बसली होती.

पुढें २०२१ च्या मार्चांत नागपुरांत पुन्हा टाळेबंदी आली, व एप्रिलांत दुसरी लाट अशी उसळली कीं प्राणवायु, रेमडेसिव्हिर आणि खाट हे तीन शब्द शहराच्या तोंडीं अहोरात्र होते. त्यांतलें रेमडेसिव्हिर ज्यांचीं मूत्रपिंडें काम करीत नाहींत त्यांना देऊं नये, असाच त्या वेळचा सर्वसाधारण सल्ला होता. ज्या औषधासाठीं लोक रात्र रात्र रांगा लावीत होते, तेंहि या रोग्यासाठीं नव्हतें. मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणाची आशाहि दूर गेली. देशांत २०१९ सालीं बारा हजारांहून अधिक अवयव-प्रत्यारोपणें झालीं होतीं, तीं २०२० सालीं साडेसात हजारांच्याहि आंत आलीं. एकाद्यासाठीं बायकोनें वा आईनें आपलें मूत्रपिंड देऊं केलेलें, तपासण्या पुऱ्या झालेल्या, तारीख ठरलेली, आणि ती अनिश्चित काळपर्यंत पुढें गेलेली; त्या घरांतल्या शांततेचें वर्णन मला करतां येणार नाहीं.

परंतु हें चित्र सर्वस्वीं काळें नव्हतें, आणि इतिहास सांगणाऱ्यानें उजेडाचीहि नोंद केली पाहिजे. डायालिसिसच्या खोल्या बंद पडल्या नाहींत. ज्या तंत्रज्ञांना व परिचारिकांना घरांतलेच लोक दारांत अडवीत होते, त्या रोज कामावर गेल्या. मे २०२० मध्यें महात्मा फुले योजनेचीं दारें राज्यांतील सर्वच नागरिकांना उघडीं करण्यांत आलीं. १ मार्च २०२१ पासून पंचेचाळिशीच्या पुढच्या सहव्याधिग्रस्तांना लस मिळूं लागली, तेव्हां त्या व्याधींच्या यादींत डायालिसिसचा स्पष्ट उल्लेख होता. पंचेचाळिशीच्या आंतल्या रोग्याला मात्र १ मेपर्यंत थांबावें लागलें. यंत्रावरच्या माणसाचा एक गुण मला येथें आवर्जून सांगावासा वाटतो. ज्या अनिश्चितीनें आपण धडधाकट माणसें चार महिन्यांत गांगरून गेलों, ती अनिश्चिति तो वर्षानुवर्षें अंगावर बाळगीत आला होता. आजचा दिवस आजपुरता पाहावा, ही विद्या त्याला पूर्वींच अवगत होती. त्याच्याकडून ती शिकून घ्यावी असें आपल्यापैकीं किती जणांना सुचलें?

आतां शेवटीं, या प्रकरणांतून घ्यावयाचा बोध. १९१८ च्या साथीनंतर आपण मेलेल्यांची संख्या लिहिली आणि जिवंतांचें मन लिहावयाचें विसरलों. तीच चूक पुन्हा होऊं नये. पुढची साथ केव्हां येईल हें कोणी सांगूं शकत नाहीं, पण ती येईल तेव्हां घरीं राहा या हुकुमाच्या खालींच दुसरी ओळ असावी: ज्यांना घरीं राहतां येत नाहीं त्यांची यादी, त्यांची गाडी, त्यांचा परवाना, आणि बाधित झाले तर त्यांचें यंत्र कोठें, हें सर्व आधीं ठरलेलें असावें. पोटांतील पडद्याचा उपयोग करून घरच्या घरीं करावयाचा डायालिसिस ज्यांना मानवेल, त्यांना त्याची ओळख शांततेच्या दिवसांतच करून द्यावी. आणि सर्वांत सोपी व सर्वांत दुर्लक्षित गोष्ट ही: प्रत्येक पाळीला रोग्याचें वजन होतें, रक्तदाब पाहिला जातो, त्याच वेळीं दोन मिनिटें झोंप कशी लागते, मन कसें आहे, जगण्याचा कंटाळा तर येत नाहीं ना, एवढें विचारलें जावें. त्यासाठीं नवें यंत्र लागत नाहीं. विचारल्यानें असे विचार बळावतात ही समजूत खोटी आहे. उलट विचारल्यानें भार हलका होतो. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस नांवाची सरकारी दूरध्वनीसेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठींतहि बोलतां येतें. ज्याला घरच्यांपुढें बोलण्याचा संकोच वाटतो त्यानें तेथें बोलावें, व घरच्यांनीं त्यांत कमीपणा मानूं नये.

आपल्या ओळखींत, गल्लींत, नात्यांत असा एकादा माणूस असेल, ज्याच्या हातावरची शीर फुगलेली आहे आणि जो आठवड्यांतले ठराविक दिवस घरीं सांपडत नाहीं. त्याला प्रकृतीचा उपदेश करूं नका. तो त्याला तुमच्याआमच्यापेक्षां अधिक ठाऊक आहे. त्याच्या पुढच्या पाळीच्या दिवशीं त्याच्याबरोबर जा, आणि वाटेनें त्या दोन वर्षांची हकीकत त्याच्या तोंडून ऐका. ती कोठेंहि लिहिलेली नाहीं, आणि ती सांगावयास आज तो आपल्यांत आहे.